‘ग्रीड’ बघायचाय, पण कुठला? सव्वादोन तासांचा की चार तासांचा?

‘ग्रीड’ हा हॉलिवूडचा मूकपट बघायचं ठरवलं की दोन फाइली समोर येतात. एक साधारण सव्वादोन तासांची, एमजीएम स्टुडिओने १९२४ च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित केली ती. दुसरी २३९ मिनिटांची, म्हणजे चार तासांना एक मिनिट कमी. ही १९९९ मध्ये रिक श्मिडलिन यांनी टर्नर क्लासिक मूव्हीज या टीव्ही वाहिनीसाठी उरलेल्या साहित्यातून पुन्हा बांधली. दिग्दर्शक तोच, एरिक फॉन स्ट्रोहाइम. नट तेच, गोष्ट तीच. कथा माहीत आहे असं धरून पुढे लिहितोय: दाताचा डॉक्टर मॅकटीग, त्याची बायको ट्रिना, तिला लागलेली पाच हजार डॉलरची लॉटरी आणि मत्सराने जळून खाक झालेला मित्र मार्कस. ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी इथेच थांबावं. अर्थात शंभर वर्षांच्या चित्रपटाच्या शेवटाचं गुपित ते काय राहणार.

तिसरी, नऊ तासांची आवृत्ती कुठे मिळेल, असं हमखास विचारलं जातं. ती नाही. १२ जानेवारी १९२४ ला निवडक मंडळींना चाळीसहून जास्त रिळांची प्रत दाखवली गेली, ती बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढे स्ट्रोहाइमने स्वतः ती जवळजवळ निम्म्यावर आणली. दोन रात्रींत विभागून दाखवायची, असा त्याचा बेत होता. मग दिग्दर्शक मित्र रेक्स इंग्राम आणि त्याचा संकलक ग्रँट व्हायटॉक यांनी ती अठरा रिळांच्या आसपास नेली. मधल्या काळात गोल्डविन कंपनीचं मेट्रोशी विलीनीकरण होऊन एमजीएम झाली होती. निर्मितीची सूत्रं आयर्व्हिंग थालबर्गकडे आली, आणि याच थालबर्गने १९२२ मध्ये युनिव्हर्सलमध्ये असताना स्ट्रोहाइमला चालू चित्रपटावरून काढून टाकलेलं होतं. शेवटची कात्री चालवली जोसेफ फार्नमने, प्रत दहा रिळांवर आली. कापलेलं सगळं चांदी काढण्यासाठी वितळवलं गेलं असं सांगितलं जातं. वितळवलं असो वा नसो, ते आजवर सापडलेलं नाही आणि ‘पूर्ण प्रत मिळाली’ या बातम्यांमागे वेळ घालवण्यात अर्थ नाही. (फार्नमची गंमत म्हणजे पहिल्याच ऑस्कर सोहळ्यात त्याला मूकपटांच्या पाट्या, म्हणजे मधेमधे पडद्यावर येणारा मजकूर, लिहिण्याबद्दल पुरस्कार मिळाला. तेवढ्यात बोलपट आले आणि तो पुरस्कार पुन्हा कुणालाच दिला गेला नाही.)

तेव्हा निवड दोघांतच.

आधी एक काम करा. छोटी आवृत्ती निवडलीत तर फाइलची लांबी बघा. प्रदर्शित प्रत १०,०६७ फुटांची होती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणजे एकूण १,६१,०७२ चौकटी. सेकंदाला २० चौकटींनी चालवली तर होतात १३४ मिनिटं. बोलपटाच्या २४ च्या वेगाने चालवली तर ११२. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत आणि प्रोजेक्टरचा वेगही थिएटरगणिक बदले, त्यामुळे एकच ‘खरा’ आकडा नाही. पण १३० ते १४० च्या दरम्यान असलेली फाइल डोळ्यांना पटते. ११० ते ११५ मिनिटांची असेल तर ती घाईत धावतेय असं समजा. माणसं तुरुतुरु चालतात, ट्रिना नाणी घासताना हात थरथरल्यासारखे दिसतात, आणि हे स्ट्रोहाइमचं दिग्दर्शन आहे असा गैरसमज होतो. प्लेअरमध्ये वेग ०.८५ करा, संगीत बंद करा; हिशेब १३२ मिनिटांपर्यंत येतो. ०.७५ वर नेऊ नका. खाणीतली आणि डेथ व्हॅली या वाळवंटातली दृश्यं मुळातच संथ आहेत, ती चिखलात रुतल्यासारखी होतात. ‘ग्रीड’ कंटाळवाणा आहे किंवा हास्यास्पद आहे, या दोन्ही तक्रारींपैकी बऱ्याचशा चुकीच्या वेगाच्या असतात, असं माझं मत झालं आहे.

आता मोठी आवृत्ती. तिच्यावर टीका करण्याआधी तिचं देणं मान्य करायला हवं, आणि ते थोडंथोडकं नाही. श्मिडलिन यांनी ३१ मार्च १९२३ ची चित्रीकरण-पटकथा आधाराला घेतली, उरलेलं फुटेज तिच्या क्रमाने पुन्हा लावलं आणि जिथे फुटेजच नाही तिथे चित्रीकरणाच्या वेळी काढलेली साडेसहाशेच्या आसपास स्थिरचित्रं बसवली. मधे नव्या पाट्या. संगीत रॉबर्ट इस्रायल यांचं. यामुळे दोन अख्खी जोडपी परत आली. भंगारवाला झेरकॉव आणि मोलकरीण मारिया. म्हातारा ग्रॅनिस आणि मिस बेकर. मॅकटीगचा दारुडा बापही परत आला.

छोट्या आवृत्तीत मारिया लॉटरीचं तिकीट विकते आणि नंतर जवळजवळ गायब होते. प्रेक्षकाला ती नेपथ्यातली बाई वाटते. मोठ्या आवृत्तीत कळतं की मारिया झेरकॉवला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते, तिच्या घरी म्हणे शंभराहून जास्त नगांचा सोन्याचा भांड्यांचा संच होता. झेरकॉव ऐकतो, परत सांगायला लावतो, त्या भांड्यांसाठी तिच्याशी लग्न करतो आणि शेवटी त्याच वेडात तिचा जीव घेतो. पुढे मॅकटीग आणि ट्रिना कफल्लक होऊन ज्या खोपटात राहायला जातात, ते झेरकॉवचंच. छोट्या आवृत्तीत ते नुसतं एक घाण घर आहे. मोठीत तिथे पाऊल टाकतानाच पोटात गोळा येतो. एवढ्या एका दुव्यासाठीसुद्धा चार तास कुणी दिले तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

दुसरं जोडपं ग्रॅनिस-बेकरचं. पातळ भिंतीच्या दोन बाजूंना दोन म्हातारी माणसं, एकमेकांच्या हालचालींचा आवाज ऐकत वर्षानुवर्षं बसलेली. इथे एक गोष्ट मनापासून मान्य करतो. यांची स्थिरचित्रं चालून जातात, किंबहुना शोभतात. कारण त्यांचं सगळं प्रेमच हालचाल न करण्यात आहे. ती बसलेली आहेत, ऐकताहेत. चित्र हललं काय आणि न हललं काय. झेरकॉव-मारियाच्या बाबतीत उलट होतं. तिथे लोभ प्रत्येक वेळी गोष्ट ऐकताना वाढत जायला हवा, चेहऱ्यावर चढत जायला हवा. या भूमिका करणारे चेझारे ग्राविना आणि डेल फुलर दोघंही मोठे हावभाव करणारे नट. त्यांच्या स्थिरचित्रांत फक्त टोक दिसतं, चढ दिसत नाही. डोळे विस्फारलेले, बोटं वाकडी, तोंड उघडं. फोटो बघून वाटतं की अभिनय भडक होता. होता की नव्हता, हे हलत्या फुटेजशिवाय सांगता येणार नाही.

आणि मग ती गोष्ट, जिच्यामुळे माझं पारडं फिरलं.

मोठ्या आवृत्तीत स्थिरचित्रं स्थिर राहत नाहीत. कॅमेरा त्यांच्यावरून सरकत राहतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो, हळूहळू चेहऱ्याकडे शिरतो, चेहऱ्यावरून मागे येतो. माहितीपटांत आपण हे इतकं बघतो की पहिल्या दहा मिनिटांत खटकत नाही. उलट सोय वाटते. पण तासाभराने डोळा एक वाईट सवय लावून घेतो. चित्र पडद्यावर आलं की आपण त्यातलं काही शोधत नाही, कॅमेरा कुठे नेतोय याची वाट बघतो. आणि मग पुढचा खरा, हलता प्रसंग येतो तेव्हाही आपण वाटच बघत बसतो.

हे का बोचतं ते समजायला लग्नाचा प्रसंग घ्या. दोन्ही आवृत्त्यांत तो हलता आहे, सुदैवाने. मॅकटीगच्या खोलीत लग्न लागतंय. मागे खिडकी, खिडकीखाली रस्ता. पादरी बोलतोय आणि बाहेरून एक प्रेतयात्रा चालली आहे. स्ट्रोहाइमने वेगळा शॉट लावून ती दाखवलेली नाही. आतलं लग्न आणि बाहेरची अंत्ययात्रा एकाच चौकटीत, दोन्ही स्पष्ट. छायाचित्रकार बेन रेनॉल्ड्स आणि विल्यम डॅनियल्स यांनी खऱ्या इमारतीतल्या खऱ्या खोलीत चित्रण केलं. उन्हातला रस्ता आणि आतली खोली एका एक्स्पोजरमध्ये धरायची तर आत जबरदस्त प्रकाश ओतावा लागतो, नाहीतर खिडकी पांढरीफटक होते किंवा माणसं काळी पडतात. स्टुडिओत सेट लावून, मागे पडदा टांगून हे काम एका दुपारी झालं असतं. त्यांनी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या हेज आणि लगूना रस्त्यांच्या कोपऱ्यावर केलं, कारण हा चित्रपट ज्या कादंबरीवर आहे तिच्यातली पोक स्ट्रीट १९०६ च्या भूकंपानंतर ओळखू येत नव्हती.

या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच: तुम्ही कुठे बघायचं ते तुम्ही ठरवायचं. काहींना प्रेतयात्रा पहिल्यांदा बघताना दिसतच नाही. ती चुकली म्हणून चित्रपट अडत नाही, दिसली तर अंगावर काटा येतो. स्ट्रोहाइमचा कॅमेरा या चित्रपटात हलतोही क्वचितच. तो चौकट लावतो, खच्चून भरतो आणि बाजूला होतो.

आता त्याच्याच माणसांच्या, त्याच्याच सेटवर काढलेल्या फोटोवर कुणीतरी ७५ वर्षांनी सरकता कॅमेरा चालवतो आणि सांगतो: आता हिचा चेहरा बघा, आता त्याचा हात बघा, आता कोपऱ्यातलं घड्याळ. निवड आपल्या हातातून काढून घेतली जाते. पुनर्बांधणी करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. नुसती स्थिरचित्रं पडद्यावर टांगून ठेवली असती तर टीव्हीच्या प्रेक्षकाने चॅनल बदललं असतं, हे उघड आहे. तरी मला राहून राहून वाटतं की पंधरा सेकंद एक भरगच्च फोटो नुसता समोर ठेवला असता तर तो स्ट्रोहाइमच्या जास्त जवळ गेला असता.

यात आणखी एक तांत्रिक भानगड आहे. त्या काळचे स्थिरचित्रकार मोठ्या प्लेटवर काम करत. नट थांबून, पोझ धरून उभे राहत. प्रकाश वेगळा लावला जाई. कॅमेऱ्याची जागाही चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यापेक्षा थोडी हटके असे. त्यामुळे फोटो फुटेजपेक्षा कितीतरी जास्त रेखीव आहेत. लाकडावरच्या रेषा, कापडाची वीण, भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरं. मग एकदम दाणेदार, जरा हलतं, ओरखडे पडलेलं फुटेज सुरू होतं. होतं असं की स्पष्ट दिसणारी माणसं थिजलेली आणि हलणारी माणसं धुरकट. चार तासांत हे अदलाबदल इतक्या वेळा होतं की कुठल्याच जगात नीट बसता येत नाही.

साधा हिशेब करा. २३९ मधून १३४ वजा केले तर उरतात १०५ मिनिटं. त्यात साडेसहाशे चित्रं आणि पाट्या. एका चित्राच्या वाट्याला सरासरी दहा सेकंदही येत नाहीत, आणि त्यातही पाटी वाचायची. मोठ्या आवृत्तीत वाचन फार आहे. इंग्रजी सरावाचं नसेल किंवा घरातल्या कुणाला वाचून दाखवावं लागत असेल तर हे आधीच लक्षात घ्या. छोट्या आवृत्तीत एखादी पाटी चुकली तरी चेहरे सांगतात. मोठ्या आवृत्तीत पाटी चुकली की प्रसंगच चुकतो, कारण फोटो एकटा गोष्ट सांगत नाही.

‘पण छोटी आवृत्ती स्ट्रोहाइमने स्वतः नाकारली होती ना?’ हा मोठ्या आवृत्तीवाल्यांचा हुकमी मुद्दा. खरं आहे. १९५० मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयात त्याने ती बघितली आणि पुरलेलं प्रेत उकरून काढल्यासारखं वाटलं, अशा अर्थाचं बोलला. त्याचं दुःख खोटं नव्हतं. पण त्यावरून मोठी आवृत्ती त्याची ठरत नाही. तो १९५७ मध्ये गेला, ही १९९९ ची. ती त्याच्या पटकथेचा नकाशा आहे. चांगला, प्रामाणिक, मेहनतीने काढलेला नकाशा. कुठला शॉट किती सेकंद राहील, कुठे कट बसेल, ही दिग्दर्शकाची खरी सही. ती गेलेल्या भागांबद्दल आता कुणालाच माहीत नाही. छोट्या आवृत्तीत फार्नमची कात्री दिसते हे मान्य, पण कात्रीच्या दोन घावांमधलं जे आहे ते अस्सल आहे. निदान मला तरी तुटलेलं अस्सल पुरवतं.

या जागी आपल्याकडची आठवण येणं साहजिक आहे. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’, तोही पैशाच्या फासाबद्दलचाच, आज बघायलाच मिळत नाही. तिथे सव्वादोन तासांचं हलतं फुटेज हाती असतं तर आपण तक्रार केली असती का? आणि नुसते साडेसहाशे फोटो असते तरी सोन्याच्या मोलाने जपले असते. म्हणून स्थिरचित्रांना नावं ठेवताना जीभ जरा आवरतो. हरकत फोटोंना नाही, त्यांना हलवण्याला आहे.

छोट्या आवृत्तीची भोकंही सांगायला हवीत, नाहीतर हा वकिली युक्तिवाद होईल. सगळ्यात मोठं भोक ट्रिनाचं. लग्नापर्यंत ती लाजरी, भित्री मुलगी आहे. मग पाटी येते, काळ पुढे सरकतो आणि ती एकदम पैशाला चिकटलेली कंजूष बाई. मोठ्या आवृत्तीत हा बदल पायरीपायरीने येतो. छोट्यात पायऱ्या गाळलेल्या आहेत. यावर उपाय एकच, ट्रिना झालेल्या झासू पिट्सच्या हातांकडे लक्ष ठेवा. ही बाई पुढे विनोदी भूमिकांसाठीच प्रसिद्ध झाली, पण इथे तिचे लांब, अस्वस्थ हात सगळी कथा सांगतात. लग्नाआधी तेच हात कावरेबावरे असतात, नंतर तेच नाणी चोळतात. शेवटी ती अंथरुणावर नाणी पसरून त्यांच्यावर झोपते तेव्हा पाटीची गरज उरत नाही. पायऱ्या पाट्यांत शोधू नका, हातांत शोधा. भोक बुजत नाही, पण ओलांडता येतं.

दुसरं भोक मार्कसचं. त्याचा राग मधेच फार वाढल्यासारखा वाटतो. इथे मार्कस झालेल्या जाँ हर्शोल्टने वाचवलंय. मार्कस निरोप घ्यायला येतो त्या प्रसंगात पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर मांजर झेप घेतं, ते सगळेच बघतात. त्याऐवजी मार्कसचं हसू बघा. ते ओठांवर असतं, डोळ्यांपर्यंत जात नाही.

सुरुवातीची खाण दोन्हीकडे आहे आणि तिथे छोटी आवृत्ती काही गमावत नाही, असं मला वाटतं. मॅकटीग जखमी पाखरू उचलतो, ओठांना लावतो. शेजारचा माणूस ते झटकून टाकतो. मॅकटीग त्याला उचलून पुलावरून खाली फेकतो. मॅकटीग झालेल्या गिब्सन गोलंडचा चेहरा या दोन्ही कृतींत जवळजवळ सारखाच राहतो. एवढ्यावर माणूस कळला. बापाची दारू आणि त्याचा शेवट हे मोठ्या आवृत्तीतलं सगळं प्रकरण या एका प्रसंगाचं स्पष्टीकरण होऊन बसतं, आणि स्पष्टीकरणाने पाखराचा धक्का थोडा बोथट होतो.

शेवटाबद्दल निवडीचा प्रश्न उरत नाही. डेथ व्हॅलीतली झटापट दोन्हीकडे हलती आहे. स्टुडिओला लॉस एंजेलिसजवळच्या ऑक्सनार्डच्या वाळूत काम उरकायचं होतं. स्ट्रोहाइम १९२३ च्या ऐन उन्हाळ्यात खऱ्या डेथ व्हॅलीत गेला. गेलेल्या ४३ जणांतले १४ आजारी पडून परत पाठवावे लागले. त्या उन्हात फुटलेले ओठ रंगवलेले नाहीत, ते दिसतं. खेचर मेलेलं, गोळीने पाण्याची बाटली फुटलेली, मेलेल्या मार्कसच्या मनगटाला मॅकटीगचं मनगट बेडीने जखडलेलं. इथपर्यंत तुम्ही सव्वादोन तासांत आलात तर हे तोंडावर येऊन आदळतं. चार तासांनी आलात तर थकून आलेले असता. थकवा या प्रसंगाला पूरक आहे असंही कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. मात्र तो वाळवंटाचा थकवा असावा, फोटोंचा नको.

रंगाच्या बाबतीत मोठी आवृत्ती सरळ जिंकते. सोन्याच्या वस्तू तेवढ्या पिवळ्या दिसाव्यात अशी मूळ योजना होती: मॅकटीगच्या दुकानाबाहेर टांगलेला तो अवाढव्य दात, नाणी, पिंजऱ्यातला कॅनरी. मोठ्या आवृत्तीत हा सोनेरी रंग परत आणलाय. छोटीच्या जुन्या व्हिडिओ प्रती बहुधा निव्वळ काळ्यापांढऱ्या असतात. करड्या जगात एकटा पिवळा दात दिसतो तेव्हा तो एकाच वेळी हास्यास्पद आणि भीतिदायक वाटतो. काळ्यापांढऱ्यात तो फक्त मोठा वाटतो. छोटी बघणार असाल तर सोनेरी रंग असलेली प्रत मिळते का ते आधी तपासा, नाही मिळाली तर अडून बसू नका.

संगीताचं तेवढं महत्त्वाचं नाही. छोटीसाठी कार्ल डेव्हिस यांचं वाद्यवृंद-संगीत असलेली प्रत मिळाली तर उत्तम. इस्रायल यांचं काम चांगलं आहे, पण फोटोंमधला रिकामेपणा भरायचं ओझं त्याच्यावर पडतं आणि ते सतत काहीतरी सांगत राहतं.

फिल्म सोसायटीत दाखवायचा असेल तर एक व्यवहाराची बाब. भारतीय कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे १९२४ च्या चित्रपटाचा प्रश्न केव्हाच मिटला. १९९९ च्या पुनर्बांधणीचं आणि नव्या संगीताचं तसं नाही. तिथे परवानगी लागते. म्हणजे छोटी आवृत्ती, संगीत बंद, आणि कोपऱ्यात पेटी किंवा पियानो वाजवणारा कुणी मित्र, हा रस्ता कमी कटकटीचा. वादकाला एकच सूचना द्या: लग्नाच्या वेळी शोकाचं वाजवू नको. प्रेतयात्रा प्रेक्षकांना आपली आपण सापडू दे.

मग कुणी कुठली घ्यावी? कादंबरी, म्हणजे फ्रँक नॉरिसची १८९९ ची ‘मॅकटीग’, वाचलेली असेल आणि गाळलेल्या पात्रांची रुखरुख असेल तर मोठीच बघा. तुमची रुखरुख छोटी भागवणार नाही. पटकथा, संकलन शिकत असाल तर दोन्ही, आणि मोठी कागद-पेन घेऊन. बाकी सगळ्यांनी, म्हणजे ज्यांना एक चित्रपट बघायचा आहे, त्यांनी आधी छोटी घ्यावी, असं मी सुचवेन. मोठी आधी बघितली की छोटी बघताना सारखं ‘इथे काय गेलं’ हेच सुचत राहतं, आणि जे उरलंय ते दिसेनासं होतं. उलट क्रमाने हा त्रास होत नाही; मोठी मग टीपांच्या वहीसारखी कामाला येते.

मोठी बघाल तेव्हा एका बैठकीत उरकू नका. दोन रात्रींचा बेत स्ट्रोहाइमचाच होता. लग्नाची पंगत संपते आणि पाहुणे पांगतात, तिथे थांबा. दुसऱ्या रात्री सुरुवात करण्याआधी छोट्या आवृत्तीतला लग्नाचा तेवढा तुकडा पुन्हा लावा, आवाज बंद करून. खिडकीकडे बघा.